तोंड मिटल्यावर

थेरपी बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. ठकीला ऐकू येतं. कानामागचं यंत्र चालू आहे, आत बसवलेली तार जागेवर आहे, शस्त्रक्रियेत काही कमी राहिलेलं नाही. पाठीमागून हाक मारली तर ती वळते. समोर कुणी नुसते ओठ हलवले तर बघत राहते. पण ओठ आणि आवाज एकत्र आले की तिचं काहीतरी बिनसतं. समोरचा बोलत असतो तोवर ती तोंडाकडे बघते, तोंड मिटलं की नजर बाजूला घेते आणि कसली तरी वाट बघत असल्यासारखी उभी राहते. सांगितलेली वस्तू उचलत नाही.

"लक्ष नाही असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "ती थांबते. का थांबते ते मला अजून कळलेलं नाही."

पुढच्या भेटीतही हेच दिसलं तर तिला बोलण्याच्या वर्गातून खुणांच्या वर्गात हलवायचं ठरणार होतं. खुणांच्या वर्गात कमीपणा काही नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. पण दोन्ही वर्ग एकाच वेळी भरत होते आणि बोलण्याच्या वर्गातल्या जागेसाठी बाहेर मुलं थांबलेली होती.

"म्हणजे ती बोलणार नाही?" ठकीच्या आईने विचारलं.

"वय निघून चाललंय, एवढंच म्हणते मी. आत्ता कान जे सहज शिकेल, ते पुढे तितकं सहज शिकणार नाही."

तिघं जिना उतरू लागली. ठकी मधे होती, एकेक हात दोघांच्या हातात. शेवटच्या पायरीवरून तिने नेहमीसारखी उडी मारली आणि दोघांचे हात नेहमीसारखे वर गेले. ती लोंबकळली, हसली, खाली आली. आई फाटकाकडे बघत होती. बाप बुटांकडे.

ठकीचा बाप आवाज आणि चित्र जुळवण्याचं काम करायचा. एका लहानशा स्टुडिओत मागची खोली त्याची होती. खिडकीला काळं कापड, दोन स्पीकर, एक पडदा, आणि खुर्चीची एक बाजू खचलेली. इतरांनी चित्रित केलेल्या फिल्मा शेवटी त्याच्याकडे यायच्या. तो आवाजाची फाईल तयार करायचा, ती चित्रापुढे पळते की मागे रेंगाळते ते बघायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा भरून ती जागेवर आणायचा. सेकंदाचे हजार भाग करून त्यातले थोडे इकडे, थोडे तिकडे. म्हणून ऑफिसात त्याला मिली म्हणत. मिलीसेकंदातला मिली. तिथल्या पोरी चेष्टेत म्हणायच्या, याला उशीर झाला तरी तो मोजून होतो.

ठकीचे धडेही त्यानेच बनवले होते. यंत्र बसवल्यावर बाईंनी सांगितलं होतं की दिवसभराचं घरातलं बोलणं तिच्यासाठी सुरुवातीला नुसता कालवा असणार. भांडी, पंखा, रस्ता, माणसं, सगळं एकदम. स्वच्छ आवाज मिळेल तो धड्यात. म्हणून बाईंनी कॅमेऱ्यासमोर बसून एकेक शब्द म्हटला, मिलीने त्याच्या फाइली केल्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ टॅबलेटवर त्या लागायच्या. आवाज बिनतारी जोडणीने थेट ठकीच्या कानातल्या यंत्रात जायचा. खोलीत काहीच ऐकू यायचं नाही. आई समोर बसायची ती पडद्याकडे पाठ करून, कारण बाईंचा नियम होता: पडदा बघू नका, पोरीचा चेहरा बघा.

बिनतारी जोडणीत आवाज जरा उशिरा पोचतो. ही गोष्ट इतर कुठल्या बापाच्या डोक्यात आली नसती. मिलीने यंत्राच्या माहितीपत्रकातून तो उशीर काढला. घरातला टॅबलेट जुना होता, तो आपणहून भरपाई करत नव्हता. मग मिलीने सॉफ्टवेअरमध्ये एक खास प्रोफाइल, म्हणजे आकड्यांचा तयार साचा, बनवली. आवाज तेवढाच आधी सोडायचा, म्हणजे तारेविना जाईपर्यंत तो ओठांना बरोबर गाठेल. प्रोफाइलला त्याने 'घर' असं नाव दिलं. त्या दिवशी तो खुशीत होता. बायकोला म्हणाला होता, "बाईंचे ओठ हलतील तेव्हाच तिला ऐकू येईल. अगदी तेव्हाच."

त्यानंतर मात्र तो धड्याच्या वेळी खोलीत थांबत नसे. आधी तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघवत नव्हती म्हणून. मग सवय म्हणून.

घरात भांडण नव्हतं. भांडायला दोघांपैकी एकाला तरी काहीतरी वाटावं लागतं. भेटीनंतरच्या दिवसांत बायको धडे लावत राहिली, तो भांडी घासत राहिला, आणि रोज सायंकाळी त्याच्या आईचा फोन यायचा.

"सूनबाई, जिवाला घोर लावून घेऊ नकोस," आई म्हणायची. "तुझा सासरा पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता म्हणे. मग जे बोलायला लागला ते मला लग्नानंतर कळलं."

पूर्वी बायको यावर खळखळून हसायची. आता ती म्हणायची, "हो आई," आणि फोन नवऱ्याकडे द्यायची. तोही म्हणायचा, "हो आई."

पुढच्या भेटीला आठवडा राहिला असताना एक फिल्म परत आली. दातांच्या एका दवाखान्यासाठी केलेली, डॉक्टर स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून दात कसे घासावेत ते सांगतात अशी. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने स्टुडिओत फोन केला. फोन आक्कांनी घेतला. आक्का म्हणजे स्टुडिओतल्या जुन्या संपादक. गर्दी असली की मिलीच्या खोलीतल्या फाइलीही त्याच काढायच्या. त्यांनी फोन मिलीच्या हातात दिला आणि डोळे फिरवले.

"अहो, आमचे डॉक्टर आधी तोंड हलवतात आणि मग बोलतात," व्यवस्थापक म्हणाला.

"बघतो."

"बघा. सगळा दवाखाना हसतोय. नर्स म्हणते, डॉक्टर घरी बायकोसमोर असेच बोलत असतील."

मिलीने फाईल उघडली. कुठल्या प्रोफाइलने ती काढली ते कोपऱ्यात लिहिलेलं होतं: घर.

"आक्का, दातवाल्यांना 'घर' कुणी लावलं?"

"मीच. यादीत सगळ्यात वर होतं. मला वाटलं तूच नेहमीसाठी ठेवलंयस."

"ते ठकीच्या धड्यांचं आहे."

"अगंबाई!" आक्कांनी कपाळावर हात मारला. "मेले मी. रागावलास?"

"नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

तो रागावला नव्हता. राग यायला लागतो तेवढाही जोर त्याच्यात नव्हता. त्याने फोन पुन्हा कानाला लावला. 'घर' आवाज आधी सोडतं, हे त्याला माहीत होतं, कारण तसं त्यानेच बसवलं होतं. म्हणून तो म्हणाला, "सापडलं. तुमचा आवाज चित्राच्या आधी येतोय. दुरुस्त करून पाठवतो."

"आधी नाही हो, मागून."

"आधी. इथे सेटिंग दिसतंय मला."

"तुम्हाला सेटिंग दिसतंय, मला डॉक्टर दिसताहेत! वरातीमागून घोडं येतंय तुमचं. मी काय बहिरा आहे की आंधळा? तोंड मिटतं, मग शब्द येतो."

मिलीने पडद्यावर डॉक्टरांचे ओठ बघितले.

"हॅलो?"

"पाठवतो," मिली म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने दातांच्या डॉक्टरांना बाजूला सारलं. ठकीचा पहिला धडा उघडला. चित्रीकरणाच्या वेळी त्याने बाईंना सुरुवातीला एक टाळी वाजवायला सांगितलं होतं. जुळवणीसाठी टाळीइतकं सोपं दुसरं काही नसतं. हात कुठल्या चित्रावर भिडले आणि आवाज कुठे उमटला, एवढं बघायचं. त्याने एकेक चित्र पुढे सरकवलं. बाईंचे हात जवळ आले. भिडले. आवाज नाही. हात सुटू लागले. आवाज नाही. हात मांडीवर निघाले, आणि मग टाळी वाजली.

त्याने सेटिंगची खिडकी उघडली. आकडा बरोबर होता. आकड्याआधीचं वजा चिन्हही त्यानेच टाकलेलं होतं. चौकटीवर बाण नेला तेव्हा दोन ओळींची सूचना आली. ती त्याने आजवर वाचली नव्हती. अशा चौकटी त्याने हजारदा भरल्या होत्या, वाचणार कोण. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चौकटीत हुकूम द्यायचा असे: आवाज एवढा मागे-पुढे सरकव. वजा म्हणजे आधी सोड. नव्या आवृत्तीत तक्रार सांगायची होती: आवाज सध्या एवढा चुकलाय. वजा म्हणजे तो आधी येतोय. मग सॉफ्टवेअर आपणहून त्याला मागे ढकलत होतं. चौकट तीच, जागा तीच, अर्थ उलटा. एरवी तो फाईल कानाने तपासायचा, म्हणून गिऱ्हाइकांच्या कामात ही चूक टिकली नसती; जुळलं नाही की तो आकडा उलटा करून बघायचा आणि विसरून जायचा. ठकीच्या फाइलीही त्याने तपासल्या होत्या. स्टुडिओच्या तारेच्या स्पीकरवर. तेव्हा ओठ आणि आवाज जुळत नव्हते, आणि त्यावर त्याने मान डोलावली होती. इथे जुळायला नकोच होते. घरी जुळायचे होते.

आणि घरी तो उशीर आणखी वाढला होता. तारेविनाचा एक, त्याने भरलेला दुसरा. अर्ध्या सेकंदाच्या जरा आत.

आक्का दारात चहा घेऊन उभ्या होत्या. "काय रे, भूत बघितल्यासारखा बसलायस?"

"काही नाही."

"दातवाल्यांचं झालं?"

"करतो."

त्याने दातांच्या डॉक्टरांची फाईल नीट केली, टाळीवर तपासली, पाठवली. मग घरी जायला परवानगी मागितली.

घरी दुपारचं ऊन खोलीत आडवं आलं होतं. ठकी फरशीवर बसून चमचा बुटात घालत होती आणि काढत होती. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तो चपला न काढता आत आला.

"धडे चुकलेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. चौकट, वजा, हुकूम, तक्रार. सांगताना त्याचा आवाज ऑफिसात नव्या माणसाला काम समजावून देताना असतो तसा होता. बायको घड्या करत ऐकत राहिली. एक टॉवेल तिने घडी केला, उलगडला आणि पुन्हा तसाच घडी केला.

"किती मागून?" तिने विचारलं.

त्याने ओठ हलवले, नुसतेच. ते मिटले. मग मांडीवर एक थाप मारली. "एवढं."

"प्रत्येक शब्दाला?"

"प्रत्येक."

"आणि मी तिच्यासमोर बसून..." तिने वाक्य सोडून दिलं. टॉवेल ठेवला. बराच वेळ ती ठकीकडे बघत होती. ठकी बुटाच्या आत डोकावत होती.

"मग ती बरोबर होती," बायको म्हणाली.

"काय?"

"बाई म्हणतात ना, तोंड मिटलं की बाजूला बघते आणि थांबते. कशासाठी थांबते? शब्द यायचा असतो तिचा. आपण जे शिकवलं ते ती शिकली." तिच्या आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. हिशेब लागावा तशी ती बोलत होती. "मठ्ठ नाहीये ती. आपण आंधळे."

"मी."

"बरं, तू. आता चपला काढ आणि इथे बस."

तिने ठकीपुढे तीन वस्तू मांडल्या: चेंडू, चमचा, बूट. तिन्ही धड्यातल्या. पंखा बंद केला, खिडकी लावली. नवऱ्याला ठकीसमोर बसवलं आणि स्वतः त्याच्या पाठीमागे गुडघे टेकून बसली, तोंड त्याच्या खांद्याआड.

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस. मी मागून बोलते. किती मागून ते तू मला बोटाने दाखव. तुझंच खातं आहे ते."

"काय म्हणू?"

"काहीही म्हण. तिन्हींतलं."

त्याने ठकीला हात दाखवला. तिने वर बघितलं. त्याने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले: बूट. आवाज नाही. ठकीची नजर त्याच्या ओठांवर होती. ओठ थांबल्यावर ती बाजूला गेली, भिंतीकडे. त्याने पाठीमागे बोट खाली आणलं आणि बायको म्हणाली, "बूट."

ठकीने बूट उचलला. उचलताना तिने दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. रोजचंच काम असल्यासारखा तिने तो बापाच्या मांडीवर ठेवला.

"पुन्हा," बायको म्हणाली.

चमचा. ओठ, भिंत, बोट, आवाज. ठकीने चमचा दिला.

चेंडू. ठकीने चेंडू दिला आणि परत घेतला, कारण तो तिला हवा होता.

वस्तू पुन्हा मांडून चौथ्यांदा त्याने नेहमीसारखं, आवाज काढून म्हटलं, "बूट." ठकीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलं. ती भिंतीकडे बघत थांबली. शब्द येऊन गेला होता. ती पुढच्याची वाट बघत होती.

बायको खांद्याआडून उठली नाही. तिने कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. ते तसंच राहिलं, जड. त्यालाही हालावंसं वाटलं नाही.

"आता नीट करून आण फाइली," ती पाठीतूनच म्हणाली.

"एकदम नीट केल्या तर तिला पुन्हा काहीच कळणार नाही. तिच्यासाठी आत्ताचंच बरोबर आहे."

"मग?"

"लांब फिल्ममध्ये आवाज मागे पडत गेला की आम्ही एकदम ओढत नाही. दर थोड्या वेळाने थोडा थोडा. बघणाऱ्याला कळत नाही. तसं करतो. रोज जरा कमी."

"मीपण तसंच बोलू? ओठ आधी, आवाज मागून?"

"जमेल?"

"नाही जमणार." तिने कपाळ उचललं. "तुझ्या आईला जमेल. फोनवर मी आधी हो म्हणते, त्यांचं वाक्य मग येतं."

तो हसला नाही, पण हा विनोद होता हे त्याला कळलं. घरात बऱ्याच दिवसांनी झालेला होता.

त्यानंतरचा आठवडा कामाचा गेला. मिली दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठकीच्या फाइली काढायचा. प्रोफाइलचं नाव त्याने बदललं नाही. आकडा मात्र रोज थोडा सरकायचा आणि चौकटीवरची सूचना तो रोज वाचायचा, पाठ झालेली असूनही. आक्का एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिली, तू सूचना वाचतोस? आता जग बुडतं की काय?" मग पडद्यावरच्या बाईंना बघून त्या हळूच परत गेल्या.

धड्याच्या वेळी तो आता खोलीत असायचा. पडद्याकडे तोंड करून. आणि आता वस्तूही समोर मांडलेल्या असायच्या, पूर्वी नुसतं बघणं-ऐकणं असायचं. बायको ठकीचा चेहरा बघायची, तो ओठ बघायचा. ऐकू दोघांनाही काही येत नव्हतं. ठकी भिंतीकडे बघायची, वस्तू उचलायची. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघणं छोटं झालं असं बायकोला वाटलं. चौथ्या दिवशी ठकीने काहीच उचललं नाही आणि टॅबलेटला पालथं केलं. पाचव्या दिवशी त्याने आकडा आदल्या दिवसाचाच ठेवला.

भेटीच्या वेळी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई वहीत लिहून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "टाळी दाखवा."

मिलीने मूळ धडा दाखवला. स्वतःचे हात सुटलेले आणि टाळी न वाजलेली बाईंनी बघितली.

"ती थांबते असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "लक्ष नसणारं मूल थांबत नाही."

मग त्यांनी ठकीला समोर बसवलं आणि नेहमीची चाचणी घेतली. बाहेरच्या बाकावरून दाराच्या काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. काही वस्तू ठकीने दिल्या. काही दिल्या नाहीत. एकदा ती बाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिली आणि बाईही तितक्याच शांतपणे तिच्याकडे बघत राहिल्या. बायकोने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला.

बाई बाहेर आल्या. "जागा पुढच्या चाचणीपर्यंत ठेवते. पास झाली असं समजू नका. फाइली अशाच कमी करत आणा. आणि खुणाही शिका दोघं. कुठल्याही वर्गात असली तरी उपयोगी पडतील."

"हो," दोघं एकदम म्हणाली.

ठकी बाकावर चढून बसली. तिचा एक बूट आत निघाला होता, तो तिने छातीशी धरला होता. बायको बाईंशी पुढच्या भेटीची वेळ ठरवत होती. मिली ठकीसमोर गुडघ्यावर बसला आणि हात पुढे केला.

"बूट दे," तो म्हणाला.

'दे' अजून त्याच्या तोंडात होतं. तोंड उघडंच होतं. बूट त्याच्या तळहातावर आला.

ठकी भिंतीकडे बघत नव्हती. ती पायाकडे बघत होती, बूट चढायची वाट बघत. त्याने बूट चढवला. एक बंद बांधला. मग मागे वळून बघितलं. बायको वेळ ठरवून झाली होती आणि तिथेच, पाठीशी उभी होती. तिने बघितलं होतं.

त्याने दुसरा बंद बांधला.